उपकरण-शोधन, संगणकीय

संगणकाला कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, ती कोणत्या प्रकारची आहेत आणि त्यांच्याशी कोणत्या पत्त्यांवर व्यवहार करावयाचा, हे परिचालन प्रणालीने स्वतःच ठरविण्याच्या क्रियेस उपकरण-शोधन म्हणतात. परिचालन प्रणाली म्हणजे संगणकाच्या सर्व साधनसामग्रीची व्यवस्था पाहणारा मूलभूत आज्ञावलींचा संच होय. तिचा जो भाग एखाद्या विशिष्ट उपकरणाशी प्रत्यक्ष व्यवहार करतो त्याला ड्रायव्हर (चालक आज्ञावली) असे नाव आहे. उपकरण चालविण्यापूर्वी ते जागेवर आहे की नाही याची ड्रायव्हरला खात्री करून घ्यावी लागते आणि येथेच खरी अडचण उभी राहते. ज्या पत्त्यावर आपले उपकरण असावे असे ड्रायव्हरला वाटते, तेथे दुसरेच एखादे उपकरण असू शकते व त्या परक्या उपकरणाला विचारलेला प्रश्न त्याच्या दृष्टीने एक आज्ञा ठरू शकतो. अशा चुकीच्या शोधनामुळे संगणक जागच्या जागी थिजणे, साठविलेली माहिती बिघडणे, इतकेच नव्हे तर उपकरण कायमचे निकामी होणे, असे प्रकार प्रत्यक्षात घडलेले आहेत. [→ परिचालन प्रणाली, संगणक].

वाचनाचे परिणाम : संगणकाच्या स्मृतीतील एखादा पत्ता वाचला असता तेथील मजकूर बदलत नाही. उपकरणांच्या बाबतीत मात्र हे गृहीत धरता येत नाही. उपकरणाशी होणारा व्यवहार रजिस्टर या छोट्या कप्प्यांमार्फत होतो. हे कप्पे स्मृतीसारखेच पत्त्याने ओळखले जात असले, तरी त्यांच्या मागे साठा नसून विद्युत् मंडल असते व वाचनाची क्रिया हाच त्या मंडलाला मिळालेला एक संकेत असतो. उदा., क्रमिक (सीरियल) जोडणीच्या मंडलातील ग्रहण-रजिस्टर वाचले की त्यातील अक्षर निघून जाते. ते पुन्हा मिळत नाही. व्यत्यय-संकेताचे (इंटरप्टचे) कारण सांगणारे रजिस्टर वाचताच काही कारणे पुसली जातात. एनई२००० या नावाने प्रसिद्ध असलेल्या जालक-कार्डाच्या (नेटवर्क कार्डाच्या) एका ठरावीक पत्त्यावर नुसते वाचन केले, तरी ते संपूर्ण कार्ड मूळ अवस्थेत परत जाते. लेखनाचा धोका तर उघडच आहे. त्यामुळे ‘फक्त वाचून पाहिले’ हे समर्थन या क्षेत्रात ग्राह्य मानले जात नाही.

पूर्वीच्या पद्धती : डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-११ या संगणकात (१९७०) सर्व उपकरणे युनिबस नावाच्या एकाच सामाईक तारसमूहाला (बसला) जोडलेली असत. बसवर उच्चारलेल्या पत्त्याला कोणीच प्रतिसाद दिला नाही, तर ठरावीक वेळेनंतर प्रक्रियकात अपवाद-स्थिती निर्माण होई. याचा उपयोग शोधनासाठी सहज करता येत असे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने जून १९८१ मध्ये प्रसृत केलेल्या ४·१ बीएसडी या यूनिक्स प्रकारात रॉबर्ट एल्झ यांची स्वयंरचना-व्यवस्था अंतर्भूत होती. तीत व्हॅक्स संगणक सुरू होताना संभाव्य पत्ता अपवाद-स्थितीला तोंड देण्याची तयारी ठेवून चाचपला जाई; प्रतिसाद आल्यास उपकरणाला मुद्दाम एक व्यत्यय-संकेत पाठवावयास लावून त्याचा क्रमांक टिपून घेतला जाई. उपकरण नसणे ही स्थिती येथे यंत्रच स्पष्टपणे कळवीत असे, ही या व्यवस्थेची जमेची बाजू होती.

आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या व्यक्तिगत संगणकात (पीसीमध्ये) ही सोय नव्हती. त्याच्या बसवर रिकाम्या पत्त्याचे वाचन केले असता कोणतीही अपवाद-स्थिती उद्भवत नसे. तारांवर जी काही विद्युत् पातळी असेल तीच उत्तर म्हणून मिळे. बहुधा हे उत्तर सर्व बिटे १ असलेले असे. (या नोंदीत पोर्टांचे, म्हणजे उपकरणांकडे जाणाऱ्या मार्गांचे, पत्ते व रजिस्टरांतील मूल्ये षोडशमान पद्धतीत दिली आहेत, तीत १० ते १५ यांसाठी ए ते एफ ही अक्षरे वापरतात. आठही बिटे १ असलेली संख्या या पद्धतीत एफएफ अशी लिहितात.) परंतु तारांमध्ये थोडी विद्युत् धारिता असल्याने नुकतेच पाठविलेले मूल्य क्षणभर रेंगाळते व तेच परत वाचले जाते. म्हणजे एखाद्या रजिस्टरात काही लिहून तेच परत मिळाले, तर तेथे उपकरण आहेच असे म्हणता येत नाही; तो केवळ तारांचा प्रतिध्वनी असू शकतो.

दुसरी अडचण पत्त्यांची होती. प्रक्रियकाला ६५,५३६ पोर्ट-पत्ते उच्चारता येत असले, तरी खर्च वाचविण्यासाठी बहुतेक कार्डे पत्त्याची फक्त खालची १० बिटे तपासत. त्यामुळे प्रत्यक्षात १,०२४ पत्तेच उरले व त्यांपैकी पहिले २५६ मुख्य मंडलफलकासाठी राखीव होते. उरलेल्या जागेत शेकडो उत्पादकांनी आपापली कार्डे बसविली. आयबीएमच्या तक्त्यात ३०० ते ३१एफ हे पत्ते प्रायोगिक कार्डांसाठी मोकळे ठेवलेले होते. साहजिकच ज्याला दुसरी जागा सापडली नाही तो तेथे आला. दहा बिटांच्या तपासणीमुळे एकाच कार्डाची अनेक ‘प्रतिबिंबे’ वरच्या पत्त्यांवर उमटत. आयबीएमच्या ८५१४/ए या चित्रदर्शक कार्डाचे (१९८७) अनेक पत्ते, उदा., ४२ई८, ८२ई८, ८६ई८, खालच्या १० बिटांत २ई८ असेच ठरतात आणि २ई८ हा तर चौथ्या क्रमिक जोडणीचा रूढ पत्ता होय. चौथी क्रमिक जोडणी आहे का हे पाहण्यासाठी तेथे केलेले लेखन अशा संगणकात पडद्यावरील चित्राच्या मांडणीत ढवळाढवळ करी. कार्डांवरील पत्ता बारीक खुंट्या (जंपर) हलवून ठरविला जाई आणि त्या कशा लावल्या आहेत हे ग्राहकाला क्वचितच ठाऊक असे. ड्रायव्हरने सर्व काही स्वतःच शोधून काढावे अशी मागणी वाढण्याचे हेच कारण होते.

क्रमिक जोडणीचे शोधन : सावध शोधन म्हणजे काय हे ८२५० या क्रमिक मंडलाच्या व त्याच्या वंशजांच्या उदाहरणावरून चांगले समजते. लिनक्स या परिचालन प्रणालीतील ड्रायव्हर यासाठी पुढील मार्ग अवलंबितो. तो प्रथम व्यत्यय-अनुमती रजिस्टरातील विद्यमान मूल्य वाचून जतन करतो. नंतर तेथे शून्य लिहितो. पण ते लगेच परत न वाचता मधेच ८० या पोर्टावर एफएफ हे मूल्य पाठवितो. हा पोर्ट संगणक सुरू होताना निदानाचे आकडे दाखविण्यापलीकडे सहसा वापरला जात नाही. म्हणून तेथे काहीही पाठविणे निरुपद्रवी मानले जाते. त्यानंतर रजिस्टर वाचले असता शून्यच मिळाले, तर ते तारांवरून आलेले नाही हे सिद्ध होते, कारण तारांवर आता एफएफ आहे. मग उलट क्रम : रजिस्टरात ०एफ, ८० या पोर्टावर शून्य व पुन्हा वाचन. दोन्ही वेळा खालची चार बिटे जशी लिहिली तशीच आली, तरच शोध पुढे जातो. कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी मूळ मूल्य परत लिहिले जाते, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

यानंतर मंडलाला आत्मचाचणीच्या स्थितीत ठेवतात. या स्थितीत बाहेर जाणाऱ्या नियंत्रण-रेषा आतल्या आत येणाऱ्या रेषांना जोडल्या जातात व बाहेरच्या मोडेमला काहीच कळत नाही. ठरावीक दोन रेषा उच्च केल्या असता स्थिती-रजिस्टरात नेमकी ९० ही वरची बिटे दिसली पाहिजेत. एवढी विशिष्ट वागणूक दुसऱ्या उपकरणाकडून योगायोगाने घडणे अवघड असते. अखेरीस, अक्षरांची रांग साठविणारा कोश चालू करून पाहतात व त्याच्या उत्तरातील दोन बिटांवरून सदोष कोशाचे १६५५० आणि निर्दोष १६५५०ए हे प्रकार ओळखतात. कोश मुळीच नसेल, तर टाचण-रजिस्टर आहे की नाही यावरून ८२५० व १६४५० हे वेगळे करतात. एवढी काळजी घेऊनही ही पद्धती सर्वत्र लागू पडली नाही. काही अंतर्गत मोडेमांमध्ये आत्मचाचणीची सोयच नव्हती आणि खरे उपकरण असूनही ते नाकारले जाई. त्यांच्यासाठी ही कसोटी वगळण्याची तरतूद करावी लागली. शोधनाची कसोटी जितकी कडक तितकी खऱ्या उपकरणांना मुकण्याची शक्यता अधिक, हा पेच कोणत्याही युक्तीने पूर्णपणे सुटत नाही.

जालक-कार्डे व शोधनाचा क्रम : क्रमिक मंडलाचे पत्ते निदान रूढ होते. जालक-कार्डे कोठेही असत. एनई२००० च्या लिनक्स ड्रायव्हरने वापरलेली खूण चतुर होती. या कार्डातील चुका मोजणारा एक गणक वाचताच शून्य होतो. तेव्हा आधी कार्ड थांबवून एका रजिस्टरात एफएफ लिहावयाचे व मग गणक वाचून तो शून्य झाला का ते पहावयाचे. पहिल्याच वाचनात एफएफ मिळाले तर जागा रिकामी समजून ड्रायव्हर काहीही न लिहिता निघून जातो; गणक शून्य झाला नाही तर बदललेली मूल्ये पूर्ववत करून माघार घेतो. पण ‘कार्ड थांबवा’ ही आज्ञा तोपर्यंत दिली गेलेली असते. त्या पत्त्यावर जालक-कार्डाऐवजी तबकडी-नियंत्रक असेल, तर पुढे काय होईल हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला सांगता येत नाही. या अनुभवातून काही नियम रूढ झाले : प्रथम वाचन, मग आवश्यक तेवढेच लेखन, ज्यांची चाचपणी निरुपद्रवी असते ते ड्रायव्हर आधी व धोकादायक ते शेवटी, आणि एखादा पत्ता एका ड्रायव्हरने आपल्या नावे नोंदविल्यावर दुसऱ्याने तिकडे फिरकू नये. लिनक्समध्ये प्रारंभी ‘जागा मोकळी आहे का’ हे विचारणे आणि ती नोंदविणे अशा दोन स्वतंत्र क्रिया होत्या. त्या दोहोंच्या मधल्या क्षणात दुसरा ड्रायव्हर तेथे घुसू शकतो हे लक्षात आल्यावर पहिली क्रिया त्याज्य ठरवून पुढे काढून टाकण्यात आली; आता नोंदणी करून पाहणे हाच विचारण्याचा मार्ग आहे. ठरावीक पत्त्यांना कोणीही हात लावू नये, अशी सूचना संगणक सुरू करतानाच देण्याची सोयही ठेवण्यात आली. एनई२००० चा ड्रायव्हर स्वतंत्र तुकडा म्हणून चढविताना तर तो जुन्या कार्डासाठी पत्ता मागतोच. आपणहून शोधत नाही. हा नकार ग्राहकाला गैरसोयीचा वाटला, तरी तो योग्यच म्हणावा लागेल.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रसृत झालेल्या विंडोज ९५ या प्रणालीने वेगळी भूमिका घेतली. शोधन चालू असताना संगणक थिजणार हे तिने गृहीतच धरले होते. प्रत्येक धोकादायक पायरीपूर्वी त्या पायरीची नोंद तबकडीवरील एका फायलीत केली जाई. संगणक अडकून ग्राहकाला तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागला, तर ही फाइल वाचून अडकविणारी पायरी वगळली जाई व शोधन पुढे चाले. अपघात टाळता येत नसेल, तर निदान तोच अपघात पुन्हा होऊ नये, अशी ही व्यवस्था होती.

व्यत्यय-रेषेचा शोध : पत्ता सापडला तरी उपकरण कोणत्या रेषेवरून व्यत्यय-संकेत पाठविते हे कळत नाही. त्यासाठी कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या सर्व रेषा खुल्या करतात, थोडा वेळ थांबून आपोआप सळसळणाऱ्या रेषा बाद करतात व नंतर उपकरणाला एकच संकेत पाठवावयास लावतात. नेमकी एक रेषा जागी झाली तर उत्तर मिळाले. एकापेक्षा अधिक झाल्या तर उत्तर संदिग्ध समजून सोडून देतात. दोन उपकरणे एकच रेषा वाटून घेत असतील, तर ही पद्धती निरुपयोगी ठरते.

स्वतःची ओळख सांगणारी उपकरणे : वरील सर्व युक्त्या एका उणिवेभोवती फिरतात. ती म्हणजे ‘तू कोण?’ हा प्रश्न विचारण्याची सर्वमान्य व निरुपद्रवी रीत बसमध्येच नव्हती. कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकात (१९८५) व ॲपल कंपनीने १९८७ मध्ये स्वीकारलेल्या नूबसमध्ये अशी सोय होती. आयबीएमनेही १९८७ च्या मायक्रोचॅनेलमध्ये प्रत्येक कार्डाला १६ बिटांचा ओळख-क्रमांक दिला. परंतु जुनी बस वापरणारी कोट्यवधी यंत्रे वापरात होती आणि तिच्यावर नवी शिस्त बसविणे हे खरे कौशल्याचे काम होते.

इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी पुढाकार घेऊन १९९३ मध्ये जाहीर केलेल्या ‘प्लग अँड प्ले’ या विनिर्देशाने ते साधले. यातील कार्डे सुरुवातीस संपूर्ण मौन पाळतात. २७९ या पोर्टावर ३२ बाइटांची एक ठरावीक, वरकरणी यादृच्छिक दिसणारी मालिका लिहिली गेली, तरच ती जागी होतात. हा पत्ता मुद्दाम निवडलेला आहे : तेथे पूर्वीपासून मुद्रकाचे स्थिती-रजिस्टर असते व ते फक्त वाचावयाचे असल्याने तेथील लेखनाने कोणत्याही जुन्या कार्डाचे काही बिघडत नाही. माहिती लिहिण्याचा दुसरा पत्ता ए७९ हा १० बिटांत पुन्हा २७९ च ठरतो. ज्या प्रतिबिंबांनी आधी एवढा त्रास दिला त्यांचाच येथे आडोसा म्हणून उपयोग केलेला आहे.

जागी झालेली सर्व कार्डे एकाच वेळी उत्तर देऊ लागली, तर गोंधळ होईल. म्हणून प्रत्येक कार्डाला ६४ बिटांचा एकमेव क्रमांक व त्यापुढे ८ बिटांचा ताळा दिलेला असतो. संगणक ७२ वेळा, दर वेळी दोन, अशी वाचने करतो. ज्या कार्डाचे त्या वेळचे बिट १ असेल ते ५५ व एए ही मूल्ये तारांवर ठेवते. ज्याचे बिट शून्य असेल ते गप्प राहून ऐकते आणि दुसऱ्या कोणाचा आवाज कानी आल्यास त्या फेरीपुरते माघार घेते. अशा रीतीने ७२ बिटांच्या अखेरीस एकच कार्ड उरते. त्याला एक हजेरी-क्रमांक देऊन बाजूस बसवितात व उरलेल्यांसाठी फेरी पुन्हा सुरू करतात. वाचनाचा पत्ता दुसऱ्या उपकरणाशी टकरावला, तर ताळा जुळत नाही. मग वेगळा पत्ता घेऊन सर्व क्रिया नव्याने करतात. येथे चूक झाल्यास ती कळून येते, हा जुन्या चाचपणीपेक्षा मोठाच फरक होय.

१९९२ मध्ये इंटेलने पुढे आणलेल्या पीसीआय बसमध्ये प्रश्न मुळातच सोडविलेला आहे. प्रत्येक खाचेला स्वतःची निवड-रेषा असून प्रत्येक उपकरणाला २५६ बाइटांचा रचना-विभाग असतो. त्यातील पहिली १६ बिटे उत्पादकाचा क्रमांक सांगतात (इंटेलचा क्रमांक, कंपनीच्या प्रसिद्ध प्रक्रियकावरून, ८०८६ असा आहे). एफएफएफएफ हा क्रमांक कोणालाही दिलेला नाही, त्यामुळे सर्व बिटे १ आली की खाच रिकामी आहे असा निःसंदिग्ध अर्थ होतो. जुन्या बसवर जो निव्वळ योगायोग होता त्याला येथे नियमाचे रूप मिळाले. प्रणाली २५६ पर्यंत बस, प्रत्येकीवर ३२ उपकरणे व प्रत्येकात ८ उपविभाग क्रमाने पाहते. मात्र पहिल्या उपविभागातील एक विशिष्ट बिट १ असल्याशिवाय इतर सात उपविभाग पाहत नाहीत, कारण एकविभागी उपकरणे कधी कधी आठही ठिकाणी तेच उत्तर देतात. उपकरणाला किती पत्ते लागतात हे काढण्यासाठी त्याच्या पत्ता-रजिस्टरात सर्व बिटे १ लिहून परत वाचतात. त्या क्षणी उपकरण भलत्याच पत्त्यावर गेलेले असते. म्हणून आधी त्याचे पत्ते ऐकणे बंद करणे व शेवटी मूळ मूल्य परत ठेवणे आवश्यक असते.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी विनिर्देशात उपकरण आपली उपस्थिती १·५ किलोओहम रोधकाने एक तार उच्च पातळीवर ओढून दाखविते. सांधा स्थिर होण्यासाठी सु. एक दशांश सेकंद थांबून यजमान संगणक त्याला मूळ अवस्थेत आणतो, शून्य पत्त्यावर त्याची ओळखपत्रिका (१८ बाइट) मागतो व नंतर १ ते १२७ यांपैकी पत्ता देतो. एका वेळी एकच उपकरण शून्य पत्त्यावर असू दिले जाते. तथापि अनेक उपकरणांची चाचणी फक्त विंडोज प्रणालीवर झालेली होती आणि तिच्या विचारण्याच्या क्रमाहून वेगळा पण नियमाला धरूनच असलेला क्रम वापरला, तर ती अडखळत. लिनक्सला अखेर तोच क्रम उचलावा लागला. विनिर्देशापेक्षा वहिवाट श्रेष्ठ ठरल्याची अशी उदाहरणे या क्षेत्रात विपुल आहेत.

दुर्घटना : आय२सी ही फिलिप्स कंपनीची दोन तारांची बस (१९८२) संगणकाच्या आतील तापमापक, घड्याळे व छोटे स्मृतिकोश जोडण्यासाठी वापरली जाते. तीत ओळख सांगण्याची सोय नाही. वापरण्याजोग्या ११२ पत्त्यांपैकी कोणी होकार दिला तर तेथे काहीतरी आहे, एवढेच कळते. विसाव्या व एकविसाव्या शतकांच्या संधिकाळात लिनक्सवरील तापमापक शोधणाऱ्या एका आज्ञावलीने आयबीएमच्या थिंकपॅड मालिकेतील काही संगणक निकामी केले. ती प्रत्येक पत्त्यावर माहिती नसलेले, केवळ पत्ता व दिशा यांचे लघुतम लेखन करीत असे. यापेक्षा निरुपद्रवी काही असू शकेल असे तेव्हा कोणास वाटले नसते. या संगणकांतील २४आरएफ०८ या स्मृतिकोशाला मात्र त्यामुळे आतील मजकूर बिघडवून घेण्याचा दोष होता आणि त्याच मजकुरात संगणक सुरू होण्यास लागणारी माहिती होती. यावर उपाय म्हणून ५० ते ५एफ या पत्त्यांवर लेखनाऐवजी एका बाइटाचे वाचन करण्याचे ठरले. हे सर्वत्र का केले नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे की, ६९ या पत्त्यावर आढळणाऱ्या काही घड्याळ-मंडलांना फक्त लिहिता येते व त्यांचे वाचन करू गेल्यास संपूर्ण बस अडकून पडते. सर्व पत्त्यांना सुरक्षित असा एकही प्रश्न या बसवर नाही.

ऑक्टोबर २००३ मधील घटना अधिक गाजली. मँड्रेक लिनक्स ९·२ ही प्रणाली बसविताना एलजी कंपनीची काही सीडी-रॉम यंत्रे कायमची बंद पडू लागली. प्रणालीच्या गाभ्यात तबकड्या लिहिण्यासाठी घातलेल्या एका वाढीव भागातून ‘साठविलेली शिल्लक माहिती तबकडीवर उतरवा’ ही आज्ञा यंत्राकडे जात असे. केवळ वाचणाऱ्या यंत्राला ती लागू नसल्याने त्याने ती त्रुटी-संकेत देऊन नाकारावी, असा मानकाचा संकेत होता. या यंत्रांच्या रचनाकारांनी मात्र तीच आज्ञा अंतर्गत आज्ञावली बदलण्याची सूचना म्हणून वापरलेली होती. त्यामुळे यंत्राची स्वतःची आज्ञावली पुसली गेली. आज्ञा पाठविणाऱ्याने मानक पाळले होते. दोष निर्मात्याचा होता व पुढे त्याने दुरुस्तीची आज्ञावलीही उपलब्ध करून दिली. पण ज्याचे यंत्र बंद पडले त्याला हा भेद समजावून सांगणे कठीण होते. तेव्हापासून ‘नकार मिळेल’ या भरवशावर परक्या उपकरणाला आज्ञा देणे अव्यवहार्य समजले जाऊ लागले.

वर्णनावर आधारलेली पद्धती : जेथे बस ओळख सांगत नाही तेथे विचारूच नये, तर यंत्राच्या निर्मात्याने लेखी वर्णन द्यावे, हा आजचा मुख्य विचार आहे. ओपन फर्मवेअर या १९९४ च्या मानकात (आयईईई १२७५) संगणकातील उपकरणांचे वृक्षरूप वर्णन प्रणालीच्या हाती देण्याची कल्पना होती. तिच्यातून निघालेला ‘उपकरण-वृक्ष’ लिनक्समध्ये प्रथम पॉवरपीसी व २०११ नंतर एआरएम प्रक्रियकांच्या यंत्रांसाठी रूढ झाला. व्यक्तिगत संगणकांत हेच काम डिसेंबर १९९६ मध्ये जाहीर झालेल्या एसीपीआय विनिर्देशातील तक्ते करतात. वर्णनातील नाव व ड्रायव्हरजवळील नावांची यादी जुळली, की प्रणाली त्या ड्रायव्हरला पाचारण करते. लिनक्समध्ये या क्रियेला अजूनही ‘प्रोब’ म्हणजे चाचपणी असेच म्हणतात. प्रत्यक्षात चाचपण्याचे काम बस वा तक्ता यांनी आधीच उरकलेले असते. तरीही ड्रायव्हरने ओळख-रजिस्टर असल्यास ते वाचून वर्णनाशी ताडून पहावे, असा संकेत आहे, कारण तक्तेही चुकीचे असू शकतात.

उपकरणाचे जाणे व त्याचा खोटेपणा : चालू संगणकातून काढता येणाऱ्या उपकरणांमुळे शोधन हे केवळ आरंभीचे काम राहिलेले नाही. पीसीआय एक्सप्रेस जोडणीवरील उपकरण अचानक काढले गेले, तर त्याच्या सर्व रजिस्टरांतून सर्व बिटे १ असलेली मूल्ये येऊ लागतात. एखादे बिट शून्य होण्याची वाट पाहणारा ड्रायव्हर मग अनंतकाळ थांबून राहतो आणि ‘तयार’ दर्शविणारे बिट तर १ दिसल्याने त्याची फसगत होते. म्हणून प्रत्येक प्रतीक्षेला कालमर्यादा घालणे व सर्व बिटे १ आल्यास उत्पादक-क्रमांक पुन्हा वाचून उपकरण गेले की काय हे ठरविणे, या गोष्टी चांगल्या ड्रायव्हरमध्ये अनिवार्य असतात. उलटपक्षी, नुकत्याच सुरू झालेल्या उपकरणाला उत्तर देण्यास वेळ लागू शकतो. पीसीआय एक्सप्रेसमध्ये ‘थोड्या वेळाने पुन्हा विचारा’ असे कळविण्याची खास तरतूद असून तेव्हा उत्पादक-क्रमांकाच्या जागी ०००१ हे मूल्य दाखविता येते.

उपकरणाने सांगितलेली ओळख खरी असेलच, असेही नाही. २०१४ मध्ये कार्स्टन नोल व याकोब लेल या संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ या नावाने दाखवून दिले की, साध्या स्मृतिकांडीची अंतर्गत आज्ञावली बदलून तिला कळफलक म्हणून मिरविता येते व संगणक तिने ‘टंकलिखित’ केलेल्या आज्ञा निमूटपणे पाळतो. शोधनाच्या नियमांत येथे कोणतीच चूक होत नाही; ओळखपत्रिका बिनचूक असते, फक्त ती खोटी असते. त्यामुळे ओळखपत्रिकेतील लांबी, संख्या इ. प्रत्येक मूल्य अविश्वासाने तपासूनच वापरतात. लिनक्समध्ये यूएसबी उपकरण सापडल्यावरही, तशी व्यवस्था केलेली असल्यास, वापरकर्त्याची अनुमती मिळेपर्यंत त्याला ड्रायव्हर जोडला जात नाही. थंडरबोल्ट जोडणीवरील उपकरणे संगणकाची स्मृती थेट वाचू शकत असल्याने त्यांच्यासाठीही अशीच अनुमतीची पायरी ठेवता येते. [→ संगणक सुरक्षा].